दार आतून लागतं का?

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पुढे 'पत्रास कारण की' एवढं लिहिलं आणि उठून चहा करून आलो. सहा वर्षांनी लिहितोय, कारणं इतकी साठलीत की आधी कुठलं लिहावं ते सुचत नाही. तेव्हा कामाचंच लिहितो.

आईसाठी एक जागा बघतो आहे. तिच्या वयाची माणसं राहतात, जेवणखाण, औषधं, नर्स सगळं तिथेच. पाटीवर 'ज्येष्ठ निवास' असं लिहिलेलं असतं. वाचताना तुझ्या मनात दुसरा शब्द येईल, जो मी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तुझ्या तोंडावर फेकला होता. येऊ दे. आता तो फेकायची पाळी तुझी.

कुठल्याही निवासात प्रवेश घ्यायचा तर सगळ्या मुलांची लेखी संमती लागते. संमतीपत्र टाइप करून सोबत जोडलं आहे. जागा ठरायची आहे, म्हणून नावाची ओळ कोरी ठेवलीय. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही करून पाठव.

आई बरी आहे. गेल्या महिन्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली, डाव्या मनगटाला लागलं. मी पोचल्यावर अर्ध्या तासात तिला डॉक्टरांकडे नेलं. प्लास्टर महिनाअखेर निघेल. विसरते थोडं, पण रोज नाही. गेल्या आठवड्यात मला माझ्याच शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं टोपणनाव आठवेना, तिने फटकन सांगितलं.

अडचण अशी आहे की दिवसभर घरात कुणी नसतं. ही सकाळी आठला लॅबमध्ये जाते, मी नऊला निघतो. आमची मुलगी शिकायला बाहेर आहे. सोबतीला बाई ठेवून पाहिली. चार ठेवल्या, चारही पळाल्या. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असलेली बाई. तिच्या हाताखाली दोनशे मुली टिकल्या, पण घरात एक बाई टिकत नाही.

तुझा नंबर लावून पाहिला होता. एकदा वाजतो आणि बंद पडतो. समजलो.

तुझा भाऊ


१३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली.

आपण जागा बघतोय हे आईला मी सांगितलेलं नाही. म्हणजे बघतोय हे सांगितलंय, तिच्यासाठी हे सांगितलेलं नाही. हिच्या आत्यासाठी बघतोय असं सांगितलं. हिला आत्या आहे, खोटं नाही. ती ठणठणीत आहे, स्वतःच्या घरात राहते आणि रोज सकाळी दोन किलोमीटर चालते, एवढंच.

मला वाटलं होतं आई म्हणेल, बघ बाबा. तर म्हणाली, "मग मीही येते. तुला काय कळतंय त्यातलं? तू लिफ्टवाला, दारं आणि मोटारी बघशील."

गेल्या रविवारी दोन ठिकाणं पाहिली. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, पर्स काखेत मारून आई पुढे आणि मी मागे. पहिल्या ठिकाणचे मॅनेजर टाय लावून आले. आधी स्वयंपाकघर दाखवतो म्हणाले. आई म्हणाली, "स्वयंपाकघर नंतर. आधी संडास दाखवा."

संडासात भिंतीला घंटीचं बटण होतं. आईने ते दाबलं आणि घड्याळ बघत उभी राहिली. मॅनेजर हसत होते. दोन मिनिटांनी हसायचे थांबले. सात मिनिटांनी एक मावशी हात पुसत आल्या. आई मॅनेजरना म्हणाली, "बाईंची चूक नाही. एका मजल्याला एकच माणूस ठेवलंय तुम्ही. बरोबर ना?" बरोबर होतं.

दुसरी जागा दिसायला झकास. गुळगुळीत फरशी, कुंड्या, सगळीकडे कठडे. मला पसंत पडली होती. आईने चार खोल्यांत डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "सकाळचे अकरा वाजलेत. एवढी माणसं एकदम आपणहून झोपत नाहीत. झोपवलेली आहेत."

मग तिने तिथल्या बाईंना विचारलं, "दार आतून लागतं का?"

"आतून नाही, आजी. बाहेरून कडी असते. सुरक्षिततेसाठी."

"कुणाच्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही असं मला वाटलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आत्याला इथे नको हं."

आता ती राहिलेली गोष्ट सांगतो. घरी आईच्या खोलीला बाहेरून कडी आहे. नोव्हेंबरपासून. तिने एकदा गॅस सुरू केला आणि पेटवायला विसरली. दुसऱ्यांदा खाली गेली आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरून तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसली. हिला फार काळजी वाटायला लागली. मग आम्ही कडी बसवली. खोलीला लागून न्हाणीघर आहे, थर्मासमध्ये चहा असतो, डबा असतो, रेडिओ असतो. तशी गैरसोय काही नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून बघितलं. राहू दे, खोडत नाही. मी काय लिहू शकतो ते तुला कळू दे.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

संमतीपत्र मिळालं. सही आहे, तारीख आहे. सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. तू कोऱ्या कागदावर सही करून दिलीस. मी तुला कोऱ्या कागदावर सही मागितली, हे मला ती बघेपर्यंत जाणवलंही नव्हतं.

आज सगळं लिहितो. आईने सांगितलंय म्हणून, आणि आता न लिहून चालणारही नाही म्हणून.

कडी मी बसवली. 'आम्ही' नाही. ही नको म्हणत होती. "लिफ्टवाला माणूस तू, तुला तरी कळायला हवं," असं म्हणाली होती. मी ऐकलं नाही. स्क्रू आवळत होतो तेव्हा आई पलंगावर बसून पाहत होती. विचारलं, "हे कशाला?" म्हटलं, "वाऱ्याने दार आपटतं." ती बरं म्हणाली.

आमच्या कंपनीचा एक नियम तुला माहीत आहे. लिफ्टमध्ये माणूस अडकल्याचा फोन आला की अर्ध्या तासात तिथे पोचायचं. बत्तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. सोळा जानेवारीला एका दवाखान्याच्या इमारतीत चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये तिघं अडकली होती. मी वर मशिनच्या खोलीत होतो आणि खिशात फोन वाजत होता. शेजारचे शिंपीकाका. मी कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदाही कापला. तिघांना बाहेर काढलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, देवासारखे आलात. मग त्यांनी चहा मागवला आणि मी तो बसून प्यायलो. त्यानंतर फोन पाहिला.

आई अकराच्या सुमारास पडली होती. पडल्या जागेवरून न्हाणीघराच्या दाराला चप्पल आपटत होती. शिंपीकाकांना दोन वाजता आवाज आला. बाहेरचं दार कुलूपबंद. ते भिंतीपलीकडून तिच्याशी बोलत राहिले. मी घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. 'मी पोचल्यावर अर्ध्या तासात' असं मी तुला लिहिलं होतं ना? ते खरं आहे. शब्द न् शब्द खरा आहे. साडेपाच तास त्याच्या आधीचे आहेत.

कडी काढली तर ती उंबऱ्याशी आडवी होती. मला बघून पहिलं वाक्य हे म्हणाली, "तू आत येऊ नकोस. तिला येऊ दे. माझे कपडे ओले झालेत."

मी दाराबाहेर उभा राहिलो. ही लॅबमधून येईपर्यंत वीस मिनिटं. आई आत जमिनीवर, मी बाहेर, आणि दार उघडं.

हे सगळं मी स्वतःशीसुद्धा पहिल्यांदाच असं सलग सांगतोय.

काल तिसऱ्या जागी गेलो. टेकडीच्या उतारावरची, बुटकी, दुपाखी छपराची इमारत. यादीत नाव वाचल्याबरोबर ओळखलं. तू आणलेल्या माहितीपत्रकाचे मी सगळ्यांसमोर चार तुकडे केले होते, तरी त्यावरचं नाव विसरलो नव्हतो. तीच जागा. मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली होती.

आई गाडीतून उतरली आणि कुणाला न विचारता डावीकडे चालायला लागली. तिथल्या बाईंना म्हणाली, "वाचनखोली इकडेच आहे ना अजून?"

"तुम्ही आधी येऊन गेलात वाटतं, आजी?"

"सहा वर्षं झाली. मुलीबरोबर आले होते."

आईने बाईंना सांगितलं, आम्ही दोघं जरा बसतो, आणि खुर्ची ओढून बसली. मला समोर बसवलं. वसतिगृहात उशिरा आलेल्या मुलींना बसवायची तसं.

"आत्याला आता घरी जाऊ दे," ती म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तिच्या आत्याला मी ओळखत नाही का? ती तुला विचारून चप्पलसुद्धा घेणार नाही, घर कुठलं सोडायला."

"मग आलीस कशाला सगळीकडे?"

"राहायचं मला. मग बघायचं कुणी?"

मी काहीतरी पुटपुटलो. तिने हात वर करून थांबवलं.

"त्या वेळी मीच ताईला म्हटलं होतं, मला एखादी चांगली जागा दाखव. तुझे बाबा गेल्यावर मला त्या घरात दिवस जात नव्हता. तुम्ही दोघं कामावर. इथे माणसं होती, पुस्तकं होती. मला आवडलं होतं. सगळ्यांना जेवायला बोलावलं ते हे सांगायलाच. पण मला सुरुवात करवेना, म्हणून ताईने कागद काढला. आणि तू उठून उभा राहिलास."

पुढचं मला पाठ आहे, तुलाही असेल. आईला अडगळीत टाकायला निघालीस, लाज वाटते का, मी जिवंत असेपर्यंत माझी आई माझ्याच घरात राहील.

"तू का नाही बोललीस तेव्हा?" मी आईला विचारलं. वर आवाज चढवून विचारलं, बघ माझी हिंमत.

"काका तुझी पाठ थोपटत होते. मावशीच्या डोळ्यांत पाणी. सगळे म्हणत होते, मुलगा असावा तर असा. मी तोंड उघडलं असतं तर तुझं हसं झालं असतं. म्हणून ताईला मागून सांगितलं, तू गप्प राहा. ती राहिली. मला वाटलं महिन्याभरात निवळेल." मग म्हणाली, "तुझी अब्रू राखायला मी लेक बाहेर घालवली. ते माझं पाप. कडीचं तुझं. आपापलं आपण बघू."

ताई, सहा वर्षं तू हे पोटात ठेवलंस. मी प्रत्येक समारंभात सांगत फिरलो की माझी बहीण आईला वृद्धाश्रमात टाकणार होती. लोक चुकचुकायचे आणि मला बरं वाटायचं.

आईला ही जागा पसंत आहे. घंटी दाबून बघितली, दीड मिनिट. दाराला आतून खिटी आहे, अडचण आली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. तिने मला बाहेर उभं करून दोनदा उघडायला लावलं. पण तिची एक अट आहे. म्हणते, "त्या दिवशी टेबलाशी जेवढे होते तेवढ्यांना खरं सांगून ये. फोनवर नाही, घरी जाऊन. मग माझी बॅग भर."

तुझा भाऊ


१९ मार्च

ताई,

आई शनिवारी तिकडे राहायला गेली. त्याआधी मी दारोदार फिरलो, त्याचा अहवाल देतो.

मावशीने ऐकून घेतलं आणि नुसतं म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तू इतका ओरडत होतास." दोघी चुलतबहिणींपैकी एकीने सरबत दिलं, दुसरीने पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरी तुझ्या संपर्कात आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

काकांचं अवघड गेलं. त्यांना आता ऐकू येत नाही. यंत्र आहे, पण ते ड्रॉवरमध्ये असतं. मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं, पाच मिनिटं. ते मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, "वा. आईची तब्येत कशी आहे?"

परत सांगितलं.

"मोठ्याने बोल की. बायकांसारखा काय कुजबुजतोस?"

शेवटी त्यांच्या कानाशी ओरडलो, "ताई खरी होती! आईलाच जायचं होतं! मी ताईला उगाच बोललो!" समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. काका म्हणाले, "कोण उगाच बोललं?"

"मी!"

"काय केलंस?"

"आईला कोंडून ठेवलं!" हे सांगायचं ठरलं नव्हतं, आईच्या अटीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. समोरची बाई आत गेली.

काकांना हे ऐकू आलं होतं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुझी पाठ थोपटली होती ना रे?" मी हो म्हटलं. ते उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मी हाक मारली नाही. काकूंनी मला दारापर्यंत सोडलं.

आईने सामान स्वतः निवडलं. दोन बॅगा, रेडिओ, चष्म्याची तीन घरं. ही रडत होती. आई तिला म्हणाली, "तू रडू नकोस, तू त्याला नको म्हणून सांगितलं होतंस." म्हणजे कडीचंही तिला सगळं माहीत होतं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरी आईला होते.

घरी परतल्यावर मी कडी काढली. चार भोकं राहिलीत. ही म्हणाली, लांबी भरून रंग मारू. म्हटलं, नको.

तुझा भाऊ


७ एप्रिल

ताई,

परवा रविवारी आईला भेटायला गेलो. मी दर रविवारी जातो. फाटकाशी वहीत नाव लिहून आत जायचं असतं. त्या दिवशी वहीवाले चहाला गेले होते, म्हणून मी उभ्या उभ्या मागची पानं चाळली. सव्वीस मार्च, गुरुवार. दोन एप्रिल, गुरुवार. दोन्हीकडे तुझं अक्षर. आत जायची वेळ साडेदहा, बाहेर पडायची पावणेसहा. 'नातं' या रकान्यात 'मुलगी'. मी इतके दिवस त्या रकान्यात नुसती सही ठोकत होतो.

बस बदलून चार तास येतेस आणि चार तास जातेस.

आई वाचनखोलीत होती. तिथल्या एका निवृत्त नकाशेवाल्याशी तिचं भांडण चालू होतं, वर्तमानपत्र आधी कुणी घ्यायचं यावरून. आवाज खणखणीत. मला बघून म्हणाली, "थांब जरा, याला गप्प करते."

नंतर विचारलं, "ताई येऊन गेली?"

"हो."

"माझी पत्रं वाचली तिने?"

"वाचली."

"काय म्हणाली?"

"तिलाच विचार. मी आता तुमच्या मध्ये पडणार नाही. एकदा पडले, सहा वर्षं गेली."

मग तिने माझ्याकडून नखं कापून घेतली. डाव्या मनगटात अजून जोर नाही. तिचा हात माझ्या हातात होता तेव्हा एकदा वाटलं, आता म्हणावं, आई, चुकलो. म्हटलं. ती म्हणाली, "अंगठ्याचं जास्त खोल कापू नकोस." आणि थोड्या वेळाने, "ऐकलं मी."

तुला मी माफी मागणारं वाक्य अजून लिहिलेलं नाही. पाच पत्रं झाली. प्रत्येक वेळी लिहायला घेतो आणि वाटतं, कागदावर मागून मोकळा होईन आणि तुला त्याचं काय करायचं ते कळणार नाही. जे सगळ्यांसमोर बोललो ते तुझ्यासमोर उभं राहूनच परत घ्यायला हवं.

येत्या गुरुवारी मी रजा टाकली आहे. त्या दिवशी आत येणार नाही, तो दिवस तुम्हा दोघींचा. फाटकासमोर रस्त्यापलीकडे बसथांबा आहे, सिमेंटचं बाकडं आहे. दहापासून तिथे बसेन, पावणेसहानंतरही असेन. हाक मारणार नाही. केस बरेच गेलेत, चष्मा लागलाय, वजन वाढलंय. कंपनीचा निळा शर्ट घालून येतो म्हणजे लांबून कळेल. ओळखलं नाहीस तरी चालेल. ओळखून सरळ बसमध्ये चढलीस तरी चालेल.

तुझा भाऊ